आईला थर्ड-बी सांगितलंय, ट्रायलच्या कागदावर सही करावी का?

प्रश्न असा आला आहे: "नमस्कार मॅडम. मी नागपुरात मानेवाड्याला राहते. आई ५४ वर्षांची, उमरेडजवळ खेड्यात असते. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि मग अंगावरून लाल जाऊ लागलं. बायोप्सीत गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, स्टेज ३बी. सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज आहे. एक डॉक्टर म्हणतात, आधी केमो देऊन गाठ लहान करू, मग पिशवी काढू. दुसरे म्हणतात ऑपरेशन नाहीच, रेडिएशनचा शेक आणि केमो. त्यांच्याकडेच एका संशोधनात भाग घेता का असं विचारलं आणि वीस-बावीस पानांचा कागद दिला. चिठ्ठी निघणार, काहींना शेकाआधी सहा आठवडे केमो, काहींना नाही. मामा म्हणतात, 'आपल्या बाईला उंदीर करून राहिले.' पुण्याचा चुलत भाऊ म्हणतो इम्युनोथेरपी घ्या, ती सगळ्यात नवी. मावशीला २०१९ मध्ये ओव्हरीचा कॅन्सर झाला होता, ती आता बरी आहे. मलाही होईल का? काय करू?"

ताई, आधी ऑपरेशनचं मिटवू. त्यात महिना गेला तर बाकीच्या प्रश्नांना अर्थ उरणार नाही.

३बी म्हणजे गाठ पिशवीच्या तोंडापुरती राहिलेली नाही. ती कमरेच्या भिंतीपर्यंत पोचली आहे, किंवा किडनीतून येणारी लघवीची नळी तिने दाबून धरली आहे. आईंच्या डाव्या किडनीची सूज बहुधा त्याचीच. अशा गाठीच्या बाहेरून, निरोगी कडेने चाकू फिरवायला जागा नसते. मागे काहीतरी राहतंच. मग शेक द्यावाच लागतो, आणि तोही ऑपरेशन झालेल्या पोटात, जिथे पिशवीच्या रिकाम्या जागेत आतडी उतरून चिकटलेली असतात. म्हणजे दोन्ही उपचारांचा त्रास एकाच बाईच्या वाट्याला.

"आधी केमो, मग पिशवी" हे ऐकायला फार पटतं. घरच्यांना "काढून टाकलं" या शब्दाइतका दिलासा दुसऱ्या कशात मिळत नाही, हे मी सव्वीस वर्षं पाहते आहे. पण हा प्रश्न आपल्याच राज्यात, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये नीट तपासला गेला. ६३५ बायका होत्या, आणि त्यांचा आजार तुमच्या आईंपेक्षा कमी पसरलेला होता, १बी२ ते २बी. एका गटाला आधी केमो आणि मग ऑपरेशन, दुसऱ्याला सरळ शेक आणि सोबत केमो. निकाल २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनंतर आजार परत न आलेल्या बायका ऑपरेशनच्या गटात शंभरात ६९ होत्या, शेकाच्या गटात शंभरात ७७. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. ज्या टप्प्यात ऑपरेशनला निदान विचारापुरती जागा होती तिथे ते सरस ठरलं नाही. ३बीमध्ये तर ती जागाही नाही. दुसरे डॉक्टर बरोबर सांगून राहिले.

त्याच वर्षी त्याच संस्थेचा आणखी एक निकाल आला. तो तर अगदी तुमच्या आईंसारख्या बायकांचा आहे. ८५० बायका, सगळ्या ३बी. प्रश्न साधा होता: नुसता शेक द्यायचा की सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही? अमेरिकेत १९९९ पासून शेकाला सिस्प्लॅटिन जोडायची पद्धत पडली होती. पण आपल्याकडची बाई येते ती हिमोग्लोबिन सात-आठ घेऊन, किडनी आधीच दाबलेली, वजन चाळीस किलो. तिला ते झेपेल का, अशी शंका आम्हा सगळ्यांच्याच मनात असायची आणि अनेक ठिकाणी नुसताच शेक दिला जायचा. या अभ्यासाने ती शंका मिटवली. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका नुसत्या शेकाने शंभरात ४६, सिस्प्लॅटिन जोडल्यावर ५४. आठचा फरक. सिस्प्लॅटिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे, त्यासाठी कोणाला शेत विकावं लागत नाही.

आता मामांचा उंदीर.

त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही. या आजाराच्या तपासणीचे जे मोठे अभ्यास भारतात झाले, त्यांत तुलनेच्या गटातल्या हजारो बायकांची तपासणीच केली गेली नव्हती. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. त्यामुळे कोणी सही मागितली की चार प्रश्न विचारावेत, हे योग्यच. पण मामांना एवढं सांगा की तुमच्या हातातल्या कागदात, तुम्ही लिहिलंय त्यावरून, कोणत्याच गटाला कमी उपचार मिळत नाहीत. शेक, सिस्प्लॅटिन आणि आतला शेक (तो काय, ते पुढे सांगते) दोन्हीकडे आहे. चिठ्ठी फक्त आधीच्या सहा आठवड्यांच्या केमोची.

चिठ्ठी कशाला, डॉक्टरांना कळत नाही का, असं लोक विचारतात. माझं उत्तर माझ्याच कामातून देते. गाठ लहान असेल, पहिल्या टप्प्यात असेल, तेव्हा पिशवी आणि आजूबाजूचा भाग काढण्याचं मोठं ऑपरेशन करतात. २०१८ पर्यंत मी ते दुर्बिणीतून करत असे. पोटावर चार-पाच छोटी भोकं, रक्त कमी जातं, तिसऱ्या दिवशी बाई वॉर्डातून चालत फिरते, नातेवाईक खूश, मीही खूश. हे पोट उघडून करण्यापेक्षा चांगलं आहे, यात मला तीळमात्र शंका नव्हती. मग ६३१ बायकांचा निकाल आला, चिठ्ठी काढून केलेल्या अभ्यासाचा. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. मृत्यूही दुर्बिणीच्या गटात जास्त. सगळ्या जगाने डोक्याला हात लावला. त्या आठवड्यात मी जुन्या पेशंटची वही काढून एकेकीला तपासणीला बोलवायला फोन लावत बसले. काटोलकडच्या एकीच्या नवऱ्याने विचारलं, "मॅडम, काऊन फोन केला जी? काही गडबड हाय काय?" मी म्हटलं, नेहमीची तपासणी आहे, या. ती ठणठणीत निघाली. पण त्या दोन मिनिटांत माझ्या घशाला जी कोरड पडली ती मी विसरलेले नाही. तेव्हापासून हे ऑपरेशन मी पोट उघडूनच करते.

उलटही होतं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर एवढं मोठं ऑपरेशन लागतं का, हे ७०० बायकांत तपासलं गेलं आणि २०२४ मध्ये निकाल आला. साधं पिशवी काढण्याचं ऑपरेशन केलं तर तीन वर्षांत कमरेत आजार परतण्याचं प्रमाण २.५ टक्के, मोठं केलं तर २.२. फरक नाहीच म्हणायचा, आणि लघवीचे त्रास साध्या ऑपरेशनात कमी. पिढ्यानपिढ्या आम्ही कित्येक बायकांचं गरजेपेक्षा जास्त कापलं, असा याचा अर्थ. हे टेबलापाशी उभं राहून कळत नाही. चिठ्ठी काढावी लागते.

कागदाबद्दल काही कामाच्या गोष्टी. तो मराठीत मिळायला हवा आणि सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. घरी नेऊन चार दिवस वाचायला वेळ मिळायला हवा. "आत्ताच्या आत्ता सही करा" असं कोणी म्हणालं तर मीही नको म्हणेन. आईंना वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो. कागदात सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असतो, २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक मोबाइलवर टाकला की अभ्यास कोणाचा आहे, कोणत्या हॉस्पिटलांत चालू आहे, ते फुकट बघता येतं. नीतिमत्ता समितीचा फोन नंबर शेवटच्या पानांत असतो. अभ्यासामुळे इजा झाली तर औषधोपचार आणि भरपाईच्या तरतुदी २०१९ च्या नियमावलीत आहेत, कागदात त्या लिहिलेल्या असल्या पाहिजेत. आणि मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं, नेहमीचा उपचार थांबत नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आईंसमोर वदवून घ्या. सही आईंची आहे. माझ्या टेबलापाशी बहुतेक वेळा असं होतं की मुलगा बोलतो, जावई बोलतो, भाऊ बोलतो, आणि जिच्या पोटात गाठ आहे ती बाई पदर बोटाला गुंडाळत खाली बघत असते. मी तेव्हा सगळ्यांना बाहेर चहाला पाठवते. बहुतेक बायकांचा पहिला प्रश्न औषधाचा नसतोच. "किती दिस लागन? घरी ढोरं हायेत" हा असतो.

आता या अभ्यासातला मुद्दा: शेकाआधी सहा आठवडे केमो. इथे जरा रेंगाळते, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. "आधी केमो मग ऑपरेशन" आणि "आधी केमो मग शेक" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा निकाल वर सांगितला. दुसरीचा इतिहास वाकडातिकडा आहे. जुन्या अभ्यासांत शेकाआधी दर तीन आठवड्यांनी केमो दिला जायचा आणि त्याने फायदा तर नाहीच, उलट नुकसान दिसायचं. मधल्या रिकाम्या दिवसांत उरलेल्या चिवट पेशी जोमाने वाढतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. २००३ मध्ये सगळ्या जुन्या अभ्यासांची बेरीज मांडली गेली तेव्हा दिसलं की दोन केमोंमधलं अंतर दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तिथे तोटा आहे, कमी असेल तिथे फायद्याची चिन्हं आहेत. त्यावरून इंटरलेस नावाचा अभ्यास रचला गेला. ५०० बायका, ब्रिटन, मेक्सिको, इटली, ब्राझील आणि भारतही. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं थोड्या मात्रेत दर आठवड्याला, सहा आठवडे, आणि सातव्या आठवड्यात शेक सुरू. मधे सुट्टी नाही. २०२४ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका शंभरात ८०, आधीचा केमो नसलेल्या गटात ७२.

मग सरळ देऊनच टाका की, चिठ्ठी कशाला? कारण त्या ५०० मधल्या बहुतेक बायका दुसऱ्या टप्प्यातल्या होत्या. ३बीच्या थोड्याच. किडनी दाबलेली, रक्त कमी असलेली आपली बाई त्या सहा आठवड्यांत उभी राहील की झोपेल, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. म्हणून तुम्हाला विचारलेला प्रश्न खरा प्रश्न आहे, कोणाची हौस नाही. माझी आई असती तर मी सही करायला हरकत घेतली नसती. पण आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारल्या असत्या.

पहिली किडनीची. किडनीचं काम दाखवणारं आईंच्या रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे? ते वाढलेलं असेल तर आधी लघवीच्या नळीत स्टेंट टाकून किंवा पाठीतून बारीक नळी टाकून किडनी मोकळी करतात, मग काही दिवसांत क्रिएटिनिन उतरतं. हे केल्याशिवाय सिस्प्लॅटिन देणं धोक्याचं, कारण ते औषध मुळात किडनीलाच लागतं. त्यात आपल्या नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ वर, बाई उमरेडहून एसटीने येते, उलट्यांच्या भीतीने पाणीच पीत नाही, आणि आठवड्यात क्रिएटिनिन दुप्पट. औषधाने कमी आणि पाण्यावाचून जास्त बिघडलेल्या किडन्या मी दर उन्हाळ्यात पाहते. आईंना उपचार संपेपर्यंत तुमच्याकडे मानेवाड्यालाच ठेवा.

दुसरी गोष्ट मशीनची. "सातव्या आठवड्यात शेक सुरू" हे कागदावर सोपं आहे. केमो आज सुरू झाला तर शेकाची तारीख आजच लिहून मिळते का, एवढंच विचारा. "तेव्हाचं तेव्हा पाहू" असं उत्तर आलं तर त्या अभ्यासाचा फायदा तुम्हाला मिळणार नाही, जुन्या अभ्यासांचा तोटा मात्र मिळेल.

चुलत भावाची इम्युनोथेरपी. तो चुकीचं बोलत नाही, अर्धवट बोलतो. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध शेक-केमोसोबत दिलं तर काय होतं हे १,०६० बायकांत तपासलं गेलं. तीन वर्षांनी जिवंत असलेल्या बायका शंभरात ८२.६, औषध नसलेल्या गटात ७४.८. तिसऱ्या आणि ४ए टप्प्यासाठी अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. खरा फायदा आहे. पण दुर्व्हालुमॅब नावाचं त्याच जातीचं औषध ७७० बायकांत अशाच पद्धतीने दिलं गेलं आणि काही फरक पडला नाही. "इम्युनोथेरपी" असं एकच औषध नसतं, हे त्याला सांगा. आणि हिशेब सांगा: शेकासोबत पाच डोस, नंतर दर सहा आठवड्यांनी पंधरा, असे सुमारे दोन वर्षं. एकेका डोसचं बिल लाखांत. माझ्याकडे एका कुटुंबाने गोंदियाकडची तीन एकर धानाची जमीन विकली, सात डोस झाले, आणि पैसे संपले. सात डोसांनी किती फायदा होतो याचा आकडा कोणाकडे नाही, कारण तसा अभ्यासच नाही. पूर्ण करता येणार असेल तरच सुरू करा, असं मी स्पष्ट सांगते आणि त्याबद्दल शिव्याही खाते.

टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये याच जातीच्या निव्होलुमॅबची मात्रा अगदी कमी, नेहमीच्या दहा टक्क्यांच्याही आत, २० मिलिग्रॅम देऊन पाहिली. आजार पुढे गेलेल्या रुग्णांत वर्षाअखेर जिवंत राहण्याचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. २०२२ मध्ये तो निकाल आला तेव्हा मला वाटलं, आपल्या देशाला लागणारं संशोधन ते हे. पण तो घशाचा कॅन्सर होता. पिशवीच्या तोंडाला तो आकडा उचलून लावता येत नाही. कोणी "थोड्या पैशात तीच इम्युनो देतो" म्हणालं तर कोणत्या अभ्यासावरून, हे जरूर विचारा.

आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही आणि जिच्यावर सगळं अवलंबून आहे, ती. बाहेरचा शेक साधारण पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, पंचवीसेक वेळा. त्यानंतर आतला शेक, तीन-चार वेळा. बाहेरच्या पहिल्या दिवसापासून आतल्या शेवटच्या दिवसापर्यंत ५६ दिवसांच्या आत सगळं संपलं पाहिजे. दिवस लांबत गेले की गाठ पुन्हा डोकं वर काढते. माझ्या अनुभवात बायका हरवतात त्या इथे. बाहेरच्या शेकाने रक्त थांबतं, वास थांबतो, बाईला बरं वाटतं, आणि ती म्हणते, "आता कायले जी, बरी तं झाली मी." त्यात आतल्या शेकाबद्दल वॉर्डात भुतासारख्या गोष्टी पसरलेल्या असतात.

भूत वगैरे काही नाही. कमरेत इंजेक्शन देऊन किंवा गुंगीत, एक बारीक स्टीलची नळी पिशवीच्या तोंडातून आत बसवतात, दोन बाजूंना दोन छोट्या गोळ्यांसारखे भाग, आणि लघवीची पिशवी व शौचाची जागा दूर सारायला भरपूर गॉज भरतात. मग सीटी किंवा एमआरआय, त्यावर हिशेब, आणि शेवटी मशीनमधून इरिडियम या किरणोत्सारी धातूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तारेच्या टोकावर नळीत जातो, काही मिनिटं थांबतो, परत जातो. बाई एकटी असते त्या खोलीत, आम्ही बाहेर स्क्रीनवर बघत. मागच्या वर्षी भंडाऱ्याकडची एक आजी पूर्ण वेळ "गण गण गणात बोते" म्हणत पडून होती. मशीन थांबल्यावर मी आत गेले तर म्हणाली, "एवढंच?" एमआरआय पाहून हा शेक दिला तर गाठीच्या जागी आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण पाच वर्षांनी ९२ टक्के मिळालं, १,३४१ बायकांच्या युरोपातून सुरू झालेल्या अभ्यासात. सगळ्यांना दर वेळी एमआरआय परवडत नाही. पण आतला शेक अजिबात न घेण्याला पर्याय नाही. शेक जिथे सुरू कराल तिथे आतल्या शेकाची सोय आहे की त्यासाठी दुसरीकडे पाठवतात, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवसाला गोल करून ५६ मोजून ठेवा.

एक गाऱ्हाणं इथेच मांडते. महिन्यातून एक तरी बाई माझ्याकडे अशी येते की अंगावरून जात होतं म्हणून कुठल्यातरी नर्सिंग होममध्ये पिशवी काढली, आधी स्मिअर नाही, बायोप्सी नाही, आणि काढलेल्या पिशवीत कॅन्सर निघाला. मग अर्धवट ऑपरेशनवर शेक. अशा, ऑपरेशननंतर शेक लागणाऱ्या बायकांसाठी टाटा मेमोरियलच्या ३०० बायकांच्या अभ्यासाने एक चांगली वाट दाखवली: रोज प्रतिमा पाहून नेमका आकार देत केलेल्या शेकाने आतड्यांचे उशिरा होणारे त्रास ४२ टक्क्यांवरून २१ वर आले. तुमच्या आईंची आधी बायोप्सी झाली, ते डॉक्टर कोणी असोत, त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमचं स्वतःचं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आईकडून मुलीकडे येत नाही. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो, आणि हा विषाणू जवळपास प्रत्येक संसारी बाईला कधी ना कधी भेटतो. बहुतेकींचं शरीर तो परतवून लावतं. आईंकडे कोणी बोट दाखवत असेल तर त्याला हे ऐकवा. तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर एचपीव्हीची तपासणी करून घ्या, निगेटिव्ह आली तर पाच वर्षं निश्चिंत. याचा पुरावा कुठला, तर आपल्या उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा. तिथल्या खेड्यांतल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास, वयं ३० ते ५९. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी दिली त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते छापून आलं आणि जगभर तपासणीची धोरणं त्यावरून बदलली. तुलनेच्या गटाबद्दलची टीका मी वर लिहिली ती याच अभ्यासांवरची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मुलगी ९ ते १४ मधली असेल तर एचपीव्हीची लस द्या. एका डोसचं जे आता ऐकू येतं त्याचा उगमही इकडचाच, आणि तोही अपघाताने. २००९ मध्ये बार्शी, पुणे धरून देशात नऊ ठिकाणी दोन डोस की तीन हे पाहायला मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. २०१० च्या एप्रिलमध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने लस देणं थांबवलं. जवळपास १८ हजारांपैकी पाचेक हजार मुली एकाच डोसवर अडकल्या. अभ्यास मोडला असं सगळ्यांनी धरलं. पण संशोधकांनी त्या मुलींचा पिच्छा सोडला नाही, दहा वर्षं गावोगाव जाऊन तपासत राहिले. एका डोसवर अडकलेल्या मुलींनाही १६ आणि १८ या मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण मिळालेलं निघालं. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं.

मावशींचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आईंच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकाचा दोष घरात चालू शकतो. मावशी बऱ्या आहेत ना, मग पहिली रक्ततपासणी त्यांची करा, तुमची नव्हे. त्यांच्यात दोष निघाला तर आईंची, आणि आईंमध्ये निघाला तर तुमची. मावशींनाही त्याचा उपयोग आहे: दोष असलेल्या बायकांना पहिल्या केमोनंतर ओलापॅरिब दोन वर्षं दिलं तर सात वर्षांनी ६७ टक्के जिवंत होत्या, न दिलेल्यांत ४६.५. हे औषध तेव्हा त्यांना दिलं गेलं होतं का, ते जुन्या फाइलीत पाहा. आणि धंतोलीतल्या प्रत्येक लॅबच्या "महिला पॅकेज"मध्ये सीए-१२५ असतं, ते भीतीपोटी दरवर्षी करत बसू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर तपासलं गेलं. त्या रक्ततपासणीने किंवा सोनोग्राफीने ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागवू नका. बायोप्सी जिथे झाली तिथून आईंच्या मूळ स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लेखी अर्ज देऊन मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. एचआयव्ही, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचे ताजे रिपोर्ट, आईंचं आधार कार्ड आणि जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड बरोबर ठेवा. ब्लॉक उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, वितळतो. मागच्या मेमध्ये एकाचा वितळला होता.